तिघांचं टेबल

"पाच अठ्ठावन्न," केतकी म्हणाली. "लॉगिन आहेस ना तू?"

"आहे. आई, चहा नको आत्ता. हात मोकळे हवेत."

मी दोन्ही कप ओट्यावरच ठेवले. फेब्रुवारी महिना होता, बाहेर अजून उजाडायचं होतं. माझा मुलगा पराग आणि सून केतकी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर लॅपटॉप उघडून बसले होते, दहावीचा निकाल लागायचा असावा तसे. नात मिहिका वरच्या खोलीत झोपली होती. एप्रिलमध्ये तिला सातवं संपून आठवं लागणार होतं आणि वाढदिवसाला तिला एकच गोष्ट हवी होती. फ्लोरिडातल्या एका मोठ्या थीम पार्कमध्ये पाण्याखाली असल्यासारखं रेस्टॉरंट होतं. भिंती काचेच्या, काचेपलीकडे मासे, आणि जेवण चालू असताना जलपऱ्यांची राणी प्रत्येक टेबलापाशी येऊन मुलांशी बोलायची. जिचा वाढदिवस असेल तिच्या डोक्यावर शिंपल्यांचा मुकुट ठेवायची. मिहिकाच्या वर्गातल्या दोघींकडे तो मुकुट होता.

तिथलं टेबल बरोबर साठ दिवस आधी, सकाळी सहाच्या ठोक्याला मिळायला लागायचं. आणि चार मिनिटांत संपायचं.

सहा वाजले.

"चौघं, बारा वाजता. गेलं."

"अकरा वीस बघ."

"गेलं. एक दहा दिसतंय... थांब, फिरतंय नुसतं. तेही गेलं."

"संध्याकाळचं?"

"चौघांचं काहीच नाही. दिवसभरात नाही."

"तिघांचं आहे," केतकी म्हणाली. "बारा चाळीस. घेऊ?"

"घे. आधी घे, मग बघू."

तिनं घेतलं. पराग खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं डोळे चोळले. "चौथं मिळेल," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "लोक रद्द करतात शेवटी शेवटी."

"करतात," मी म्हणाले. कराड डेपोत एसटीच्या आरक्षण खिडकीवर मी एकोणतीस वर्षं बसले होते. रद्द करणारे मला ठाऊक होते. मी चहा पुन्हा गरम केला.

पुढचे दोन महिने पराग त्या चौथ्या खुर्चीच्या मागे होता. खोटं कशाला सांगू, मनापासून होता. सकाळी दात घासताना फोन, सिग्नलला गाडी थांबली की फोन, जेवताना डाव्या हातात फोन. केतकी कुठल्याशा ग्रुपात होती, तिथे बायका कुठे जागा सुटली ते एकमेकींना कळवायच्या. एकदा रविवारी दुपारी तिचा फोन वाजला तशी ती जिन्यावरून धावत आली, पण खाली येईपर्यंत ती जागा कुणीतरी घेतली होती. ती पायरीवरच बसून राहिली.

"राहू दे गं," मी म्हणाले.

"नाही हो आई. असं कसं? सगळे जाणार आणि तुम्ही नाही, असं कसं?"

मी जानेवारीत अटलांटाला यांच्याकडे आले होते. परागचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आता मी कायमची इकडेच यावं असं ठरत आलं होतं. ठरत आलं होतं म्हणजे पराग म्हणत होता आणि मी नाही म्हणत नव्हते. कराडच्या आमच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. माझ्या वतीनं व्यवहार करायचे अधिकार परागच्या चुलत भावाला द्यायचे होते, त्या कागदावर फक्त माझी सही राहिली होती. पार्कहून परत आलो की सोमवारी वकिलाकडे जायचं होतं.

अटलांटाहून गाडीनं सात तास लागले. वाटेत मिहिका मला राणीला काय काय विचारायचं ते सांगत होती. केतकीनं तिच्यासाठी हिरवा चमकदार घागऱ्यासारखा झगा शिवून घेतला होता, शेपटीसारखा दिसणारा. तो ती गाडीतसुद्धा मांडीवरून खाली ठेवत नव्हती.

वाढदिवसाच्या सकाळी हॉटेलात परागनं मला माझी साखरेची गोळी काढून दिली. "विसरशील, आज गडबड आहे." मी ती घेतली, दोन टोस्ट खाल्ले आणि आम्ही निघालो.

ती जागा किती मोठी होती हे मला शब्दांत सांगता येणार नाही. यात्रेला माणसं असतात तशी माणसं, पण यात्रेतला गलका नाही. सगळे ओळीत. ओळीत उभे राहायलासुद्धा आधी फोनवर वेळ घ्यायची. पराग पुढे चालायचा, मान खाली, अंगठा सतत त्या पडद्यावर. मिहिका दोनदा म्हणाली, "बाबा, बघ ना." तो म्हणाला, "एक मिनिट हं पिल्लू, आजीचं बघतोय."

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही त्या रेस्टॉरंटच्या दारात होतो. निळ्या पोशाखातली एक मुलगी उंच टेबलाशी उभी होती. परागनं तिला सगळं समजावून सांगितलं. मुलीचा वाढदिवस आहे, आई भारतातून आलीय, एक खुर्ची ओढून घेतली तरी चालेल. ती मुलगी गोड बोलत होती आणि नाही म्हणत होती.

"मुलीला मी मांडीवर घेतो," पराग म्हणाला.

तीन वर्षांवरच्या मुलाला वेगळी खुर्ची लागते, ती म्हणाली. नियम आहे. तिला फार वाईट वाटतंय. आमच्या मागे पंधरा-वीस माणसं होती. ती सगळी आमच्याकडे बघत होती.

"तुम्ही जा ना आई," केतकी म्हणाली. "मी थांबते बाहेर. खरंच."

"वेडी आहेस का?" पराग म्हणाला. "तिच्या वाढदिवसाच्या फोटोत तू नाहीस, असं कसं चालेल?"

"मग तू थांब."

तो पुन्हा फोन बघायला लागला. मिहिका एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत होती. तिची हनुवटी थरथरायला लागली होती. त्या झग्याची एक बाजू तिनं मुठीत घट्ट धरली होती.

"अरे, तुम्ही जा," मी म्हणाले. "माझी आज एकादशी आहे. मी तशीही काही खाणार नव्हते."

परागनं माझ्याकडे पाहिलं.

आमच्या घरात एकादशी कुणी कधी केली नाही. परागचे बाबा शाळेत शास्त्र शिकवायचे. उपासतापास त्यांना मुळीच खपायचे नाहीत, आणि मलाही त्याची कधी गरज वाटली नाही. आषाढी एकादशीला गल्लीत सगळीकडे साबुदाणा शिजायचा तेव्हा आमच्याकडे भाकरी आणि कालवण असायचं. केतकीला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पराग त्याच घरात अठरा वर्षं जेवला होता.

"अरे, हो का," तो म्हणाला. "मग ठीक आहे."

दोन महिन्यांत मी त्याचा चेहरा इतका सैल झालेला पाहिला नव्हता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या बाकावर बस हं, सावलीत. हलू नकोस, चुकशील. तासाभरात येतो आम्ही."

तिघं आत गेली. निळा काचेचा दरवाजा मिटला.

मी बाकावर बसले. बरोबर माझी छोटी पर्स आणि पाण्याची बाटली होती. खाण्याची पिशवी परागच्या पाठीवर, आत. समोरून कुटुंबं जात होती. सगळ्यांच्या अंगात एकसारखे सदरे, कुणाच्या पाठीवर 'आजोबा' असं लिहिलेलं. एका बाईनं मला माझ्या शेजारी बसू का असं खुणेनं विचारलं. मी सरकले. पण तेवढ्यात तिच्या माणसांनी हाक मारली आणि ती गेली.

साधारण एकच्या सुमाराला माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मला ते लक्षण माहीत होतं. गोळी घेतल्यावर जेवण चुकलं की आधी बोटं, मग घाम, मग डोळ्यांपुढे चांदण्या. मी पाणी प्यायले. पाण्यानं काय होणार? आणखी दहा मिनिटं मी स्वतःला सांगत राहिले की आता येतीलच ती. मग उठले. त्या निळ्या दाराशी गेले असते तर त्यांनी परागला बोलावलं असतं. तेवढं मला इंग्रजी येत होतं. पण आत मुकुट घालत असतील, आणि मी तिथे जाऊन उभी राहणार, घाम पुसत. मी दुसऱ्या बाजूला वळले.

पहिलं उपाहारगृह लाकडी जहाजासारखं होतं. दारातल्या पोरानं विचारलं, बुकिंग आहे का? नाही म्हटल्यावर त्यानं फोनवर कसं करायचं ते दाखवलं. माझा फोन पार्कात चालत नव्हता. तो म्हणाला, मग दोन तास. दुसऱ्या ठिकाणी नुसती पाटी होती, आज जागा नाही. तिथे एक बेंच होता, त्यावर बसावंसं वाटलं. पण एकदा बसले तर उठता येणार नाही असं मनात आलं. चालत राहिले. साडीचा काठ पायात यायला लागला.

तिसरं साधंसं होतं, स्टेशनच्या कँटीनसारखं सजवलेलं. दाराशी माझ्याच वयाची एक बाई होती. छातीवरच्या बिल्ल्यावर मारिसोल असं नाव.

"हाऊ मेनी?" तिनं खालची मान वर न करता विचारलं.

"वन."

"वन?" तिनं मान वर केली. माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "जस्ट यू?"

"जस्ट मी."

तिनं माझा दंड धरला आणि मला आत नेलं. सगळी टेबलं भरलेली होती. पण स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लांब फळी होती आणि फळीला उंच स्टुलं होती. त्यांतलं शेवटचं रिकामं होतं. तिनं मला चढायला मदत केली, आधी संत्र्याचा रस आणून समोर ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत तिथेच उभी राहिली. माझे दात ग्लासावर वाजत होते.

"शुगर?" तिनं विचारलं.

"शुगर," मी म्हणाले.

तिनं चिकनचं सूप आणि पाव आणला. एकादशीला चिकनचं सूप. परागचे बाबा असते तर खूश झाले असते. मी सगळं जेवले, सावकाश. आजवर मी हॉटेलात एकटी कधी जेवले नव्हते. एकोणतीस वर्षं डेपोत असूनसुद्धा नाही, डबा असायचा. समोरच्या खिडकीतून आतली माणसं ताटल्या सरकवत होती. डावीकडच्या स्टुलावरचा माणूस एकटाच होता, तोही भिंतीकडे बघून जेवत होता.

मारिसोल ताटली न्यायला आली. माझ्या छातीवर वाढदिवसाचा बिल्ला होता. सकाळी मिहिकानं आम्हा सगळ्यांना तसे लावले होते. मारिसोलनं त्याकडे बोट दाखवलं. "युवर बर्थडे?"

"नो. ग्रँडडॉटर."

"व्हेअर इज शी?"

"ईटिंग," मी म्हणाले.

तिला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. माझा रिकामा ग्लास तिनं न विचारताच भरला.

पर्समध्ये परागनं अडीअडचणीला म्हणून ठेवायला दिलेली नोट होती, ती मी दिली. बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नीट टेकत होते. बाकावर परत आले. निळा दरवाजा अजून मिटलेलाच होता.

तिघं बाहेर आली दोन वाजून गेल्यावर. मिहिका मुकुट डोक्यावर दोन्ही हातांनी सांभाळत पळत आली. "आजी, ती माझ्याशी बोलली!" केतकीच्या हातात कागदाची पुडी होती. "उपासाला बटाटा चालतो ना, आई? फ्राईज आणल्यात. आणि हे केळं."

"चालतो," मी म्हणाले आणि खाल्लं. जरा जडच गेलं.

"कंटाळली नाहीस ना?" परागनं विचारलं.

"नाही."

तो मी खाताना बघत होता. मग त्यानं नजर काढून घेतली.

त्या दिवशी पाच वाजता आम्ही हॉटेलवर परत आलो. केतकी आणि मिहिका पोहायच्या तलावात उतरल्या. पराग आणि मी काठावरच्या खुर्च्यांवर बसलो. त्यानं आज पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवला होता. आता बघायचं काही राहिलं नव्हतं.

"पराग," मी म्हणाले, "सोमवारी मी सही करणार नाही."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "आजच्या टेबलावरून?"

"नाही."

"आई, मी दोन महिने प्रयत्न केला. तू बघितलंस."

"बघितलं ना. म्हणून तर सांगते. तू कमी पडलास असं मी म्हणत नाही."

"मग?"

"माझ्या खिडकीवर चौघांची घरं यायची," मी म्हणाले. "मी सांगायचे, तीन सीट एकत्र आहेत, चौथी मागे. मग ते बाजूला जाऊन बोलायचे. फार बोलावं लागायचंच नाही. घरात कुणीतरी एक असायचं, तेच आपणहून म्हणायचं, मला काय, मी मागे बसते. आज मला कुणी काही म्हणालं नाही. मीच म्हणाले. आणि माझ्या लक्षात आलं की इथे राहिले तर रोज मीच म्हणणार. तू म्हणायला लावशील म्हणून नाही. मला तशी सवय लागेल. आणि तुला बरं वाटेल."

"मला बरं वाटलं नाही."

"वाटलं, पराग. त्यात काही पाप नाही."

तलावात मिहिका पाण्याखाली जायची आणि वर आली की आम्हाला हात करायची. आम्ही दोघांनी हात केला.

"तुझी एकादशी नव्हती," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, लहानपणी काही फोडल्यावर व्हायचा तसा. "मला तिथेच कळलं होतं."

"मला माहीत आहे."

मग त्याला एकदम आठवलं. तो खुर्चीत सरळ झाला. "सकाळी गोळी घेतली होतीस."

"हो. तूच दिलीस."

"मग तू... आई, दोनपर्यंत तू..."

"जेवले मी. घाबरू नकोस."

"कुठे जेवलीस? कुठे जागा नव्हती आज. मी सकाळपासून बघत होतो."

"चौघांची नव्हती," मी म्हणाले. "एकटीला मिळाली."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चाळीस वर्षांचा माणूस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तलावातून केतकीनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "काही नाही, ऊन लागलंय त्याला."

मे महिन्यात मी कराडला परत आले. कराडचं घर विकलं नाही.

याला आता आठ वर्षं झाली. मी फार सुखात आहे असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ जात नाही. कुकरमध्ये एक वाटी भात लावायचा तर कुकर मोठा पडतो. खालच्या मजल्यावरच्या पवारांकडे दार वाजलं की आपल्याकडेच कुणी आलं असं वाटून मी उठते. सही केली असती तर बरं झालं असतं का, हा विचार माझ्या मनात येतो, नाही असं नाही. पराग दर रविवारी फोन करतो आणि जास्त वेळ बोलतो, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. दोनदा येऊनही गेला. त्या दिवसाबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात मिहिकाचा फोन आला. ती पंधरा वर्षांची झाली आहे. मराठी बोलते, पण मध्ये मध्ये थांबून शब्द शोधते. शाळेत तिला लहानपणच्या एका दिवसावर लिहायचं होतं.

"आजी, मी तो जलपरीवाला वाढदिवस लिहितेय," ती म्हणाली. "जुने फोटो बघितले सगळे. पण तू एकापण फोटोत नाहीस. तू काढत होतीस का फोटो?"

मी गॅस बंद केला.

"तू माझ्या बाजूला बसली होतीस, ते आठवतंय मला," ती म्हणाली. "खिडकीकडे, मासे होते तिकडे. ती राणी आली ना, तिनं तुला नाव विचारलं. तू सांगितलंस, शकुंतला. तिला म्हणताच येईना. ती तीनदा म्हणाली आणि तीनदा चुकली. आम्ही सगळे इतके हसलो."

मी खुर्ची ओढून फोनशी नीट बसले.

"आजी? आहेस ना?"

"आहे."

"मग बाबा म्हणाला, हिला नुसतं आजी म्हण. मग ती तुला आजी म्हणाली. मी हे सगळं लिहू ना?"

"लिही की," मी म्हणाले. "आणि मी? मी हसत होते का गं?"

"तू? तू तर सगळ्यात जास्त," मिहिका म्हणाली.